रेंजबाहेरचं गिऱ्हाईक

सोसायटीतल्या गुंतवणूक मंडळाचे नियम दोनच होते, पण ते पाळता पाळता चौघांच्याही नाकी नऊ आले होते. पहिला नियम असा की जी वस्तू आपण स्वतः वापरलेली नाही, ती बनवणाऱ्या कंपनीचा शेअर घ्यायचा नाही. आणि दुसरा असा की सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय फंडातला पैसा हलवायचा नाही. हे नियम केले होते ऑडिटरांनी. तरुणपणी त्यांनी एका कंपनीत पैसे घातले होते, आणि पुढे चौकशीला गेले तेव्हा त्या कंपनीची फक्त पाटी सापडली होती. तेव्हापासून त्यांचा कशावरही विश्वास बसत नसे. नोकरी संपली, डोळ्यांत मोतीबिंदू आला, तरी नियम तसेच राहिले. आणि फंड म्हणजे काही चैनीचा पैसा नव्हता. चौघांनी आपापल्या आजारपणासाठी आणि त्यानंतरच्या गोष्टींसाठी बाजूला काढलेला तो पैसा होता, त्यामुळे मंडळात तरी नियमांना कोणी हसत नसे.

बाहेरचे हसत. हसणारच! साबणाच्या कंपनीचा प्रस्ताव आला तेव्हा चारही घरांतल्या माणसांना एकच वास येत होता; जिन्यात अंधार असला की कोण गेलं ते कळत नसे. गाद्यांच्या कंपनीने दातांच्या डॉक्टरांची कंबर धरली ती अजून सोडलेली नाही. सिमेंटच्या वेळी केमिस्टबाईंनी एक पोतं गॅलरीत आणून ठेवलं. ते वापरायचं कुठे हे ठरेपर्यंत त्याचा दगड झाला, आणि 'घट्ट होतं' एवढ्या अनुभवावर शेअर घेतला गेला. मोठ्या माणसांच्या डायपरच्या कंपनीबद्दल मात्र फारशी चर्चा झाली नाही. शेअर घेतला गेला, म्हणजे कोणीतरी वापरले असणार. कोणी, ते कोणी विचारलं नाही.

पूर्वी मंडळात पाच जण होते. पाचवे स्टेशनमास्तर. ते गेले तेव्हा त्यांना न्यायला आलेल्या रुग्णवाहिकेचे टायर फार चांगले होते, असं ऑडिटर परतताना हळूच म्हणाले. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. 'वापर तर झालाच आहे,' ऑडिटर म्हणाले. शेअर घेतला, आणि तो चढलाही. स्टेशनमास्तरांची खुर्ची अजून तिथेच असते, तिच्यावर सगळे छत्र्या ठेवतात.

तर राहिले चार. ऑडिटर, दातांचे डॉक्टर, औषधाचं दुकान चालवणाऱ्या केमिस्टबाई, आणि आपले साहेब. साहेब टेलिफोन एक्स्चेंजमधून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते. तोंडावर सगळे त्यांना साहेब म्हणत आणि पाठीमागे ट्रंककॉल, कारण समोरचा माणूस हाताच्या अंतरावर असला तरी साहेब तो समुद्रापलीकडे असल्यासारखे बोलत. सभा दर बुधवारी संध्याकाळी पंपाच्या खोलीमागच्या सोसायटीच्या ऑफिसात भरे. पंप सुरू झाला की बाकीच्यांना काही ऐकू येत नसे, साहेबांना मात्र काहीच फरक पडत नसे.

त्या बुधवारी ऑडिटरांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की उपग्रहावरून फोनसेवा देणारी एक कंपनी बाजारात शेअर विकायला काढते आहे. टॉवर नाही, तार नाही, डोक्यावर आकाश असलं की झालं. जिथे साधा मोबाइल लागत नाही तिथेही हा लागतो.

'जिथे साधा मोबाइल लागत नाही, तिथे राहतं कोण?' दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. जन्मभर लोकांना तोंड उघडायला लावून मग प्रश्न विचारायची त्यांना सवय. उत्तर येणार नाही हे धरूनच ते विचारत. 'वाळवंट, बर्फ आणि समुद्र. म्हणजे दुकान टाकायचं कुठे, तर गिऱ्हाईक नाही तिथे. वा!'

'जहाजं आहेत,' ऑडिटर म्हणाले. 'खाणी आहेत. सैन्य आहे.'

'त्यांनी घेतलेच असतील. नवीन कोण घेणार ते सांगा. शिवाय तो सेट म्हणे आतल्या खोलीत चालत नाही. ताप आला तर माणसाने अंगणात जाऊन डॉक्टरला फोन करायचा का?'

'आणि टॉवर वाढताहेत ना रोज,' केमिस्टबाई म्हणाल्या. 'आमच्या दुकानावर दोन आहेत. गिऱ्हाईक वाढायच्या आधीच संपायचं.'

आता साहेबांचा विषय निघाला म्हटल्यावर साहेब गप्प बसतील? छे! ते उभेच राहिले. म्हणाले, 'डॉक्टर, तुम्ही खाणी मोजता, जहाजं मोजता. त्या खाणीतल्या माणसाला घर असतं की नाही? बोलायचं असतं ते घरच्यांना! माझंच घ्या. आमचे चिरंजीव धरणाच्या कामावर डोंगरात. तिथे रेंज नाही. वर्षं झाली, आवाज ऐकलेला नाही मी पोराचा. उद्या कोणी मला म्हणालं, हा घ्या डबा, याच्यात तुमचा मुलगा बोलेल, तर मी किंमत विचारेन का? असे बाप किती असतील या देशात! ते सगळे गिऱ्हाईक आहेत.'

पंप बंद झाला होता, त्यामुळे हे जरा फारच मोठ्याने झालं. केमिस्टबाईंनी पदराने डोळा टिपला. ऑडिटरांनी 'हं' केलं. दातांचे डॉक्टर तेवढे खिडकीबाहेर बघत म्हणाले, 'बाप असतील हो पुष्कळ. फोन दोन्हीकडे लागतो. मुलगे किती आहेत ते बघायला हवं.'

हे साहेबांना फार लागलं. चेहरा असा पडला की केमिस्टबाईंनी घाईघाईने पाणी पुढे केलं. साहेब पाणी प्यायले नाहीत. 'वापरून दाखवतो,' ते म्हणाले. 'नियम आहे ना? वापरून दाखवतो. एक सेट इथे, एक चिरंजीवांकडे. तुम्हां सगळ्यांसमोर बोलेन. मग तुमची तोंडं बघायची आहेत मला.'

खरं सांगायचं तर साहेबांना शेअरचं एवढं काही पडलं नव्हतं. पोरगा धरणावर गेल्यापासून त्यांनी त्याचा नंबर रोज लावून बघितला होता, आणि रोज ती बाई त्याच थंड आवाजात 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' म्हणून सांगत होती. अधूनमधून बायकोच्या फोनवर निरोप यायचा, 'बरा आहे, रेंज नाही, काळजी नसावी.' रेंज नसताना, रेंज नाही हा निरोप पोचतो कसा, हे दुसऱ्या कोणाच्या बाबतीत असतं तर साहेबांनी पहिल्या झटक्यात विचारलं असतं. बायको म्हणाली होती की सामानाचा ट्रक खाली बाजाराच्या गावी उतरतो, तेव्हा ड्रायव्हर पाठवतो. साहेबांनी ते मानलं. चाळीस वर्षं लोकांच्या तक्रारी खोट्या ठरवलेला माणूस, पण ते त्यांनी मुकाट्याने मानलं.

मग सुरू झाली ती वणवण. कंपनीचा टायवाला प्रतिनिधी घरी आला, सोफ्याच्या टोकावर बसला, आणि त्याने 'चाचणीसाठी दोन सेट देतो, मोठी ऑर्डर येईल ना?' असं विचारून घेतलं. साहेबांनी 'बघू' म्हटलं. सरकारी खात्यात 'बघू'चा अर्थ काय होतो हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. पण सेट वापरायला परवाना लागणार होता, आणि परवाना खिडकीवर मिळणार होता.

खिडकीवरच्या माणसाने अर्ज वाचला, उलटा करून मागचं कोरं पानही वाचलं. म्हणाला, 'वापरण्याचं ठिकाण काय लिहिलंय? गच्ची? मग इमारतीचा ना हरकत दाखला आणा.'

'अहो, मी टेलिफोन खात्यात होतो,' साहेब म्हणाले.

'होतात ना? मग तुम्हाला माहीतच असेल,' तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. साहेबांनी स्वतः हे वाक्य हजारदा लोकांना ऐकवलं होतं. ऐकून घ्यायला कसं वाटतं ते त्यांना आज कळलं, आणि ते काही त्यांना आवडलं नाही.

ना हरकत दाखल्यासाठी सोसायटीत फिरावं लागलं. प्रत्येक दारात सल्ला. एकाने सांगितलं की असल्या फोनने गुडघे दुखतात. दुसऱ्याने सांगितलं की गुडघे बरे होतात, त्याच्या साडूचे झाले. वरच्या मजल्यावरचे वकील म्हणाले की आमच्या डोक्यावर उभं राहून तुम्ही आकाशाशी बोलणार, आणि उद्या वीज पडली तर कोण भरून देणार? त्यांना साहेबांनी उपग्रह म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि सही केली नाही. तिसऱ्या खेपेला केली, पण खाली 'माझ्या जबाबदारीवर नाही' असं लिहून. एक आजी तेवढ्या म्हणाल्या, 'वर फोन लागतो होय? मग आमच्या ह्यांना विचार, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय.' साहेबांना हसावं की काय ते कळेना. कारण आजी काही थट्टा करत नव्हत्या.

शेवटी परवाना झाला. एक सेट खोक्यात बांधून, आत चार पानी सूचना स्वतःच्या अक्षरात लिहून, साहेबांनी धरणाच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवला. सूचनांमध्ये सगळं होतं: डोंगराच्या कडेपासून लांब उभं राहायचं, ॲन्टेना पूर्ण वर करायची, रविवारी सकाळी सेट सुरू ठेवायचा, बोलताना फिरायचं नाही, तोंड आणि सेट यांत किती अंतर ठेवायचं. आकृती होती. 'तू कसा आहेस' एवढं मात्र त्यात नव्हतं, पण ते विचारायलाच तर फोन होता. खोकं पोचल्याची पावती आली त्या दिवशी साहेबांनी दाढी दोनदा केली.

पहिल्या रविवारी सगळं मंडळ गच्चीवर हजर झालं. केमिस्टबाई दुकान बंद ठेवून आल्या होत्या. ऑडिटर खुर्ची घेऊन आले होते. साहेब पाण्याच्या टाकीपाशी इस्त्रीच्या शर्टात उभे, हातात तो जाडजूड सेट, वर बोटभर जाडीची ॲन्टेना. पडद्यावर अक्षरं आली, 'उपग्रह शोधत आहे'. बराच वेळ शोधत होता. मग सापडला. साहेबांनी नंबर लावला. घंटा गेली. सगळ्यांना ऐकू आली. जाते आहे, जाते आहे, आणि मग थांबली.

'उन्हात उभे आहात, सावलीत या,' केमिस्टबाई म्हणाल्या.

'सावलीत आकाश नसतं!' साहेब खेकसले.

पुन्हा लावला. टाकीच्या पलीकडून लावला. टाकीवर चढून लावला. ऑडिटर शिडी धरून 'अहो, उतरा, वय काय तुमचं' म्हणत होते. घंटा गेली. आता घंटा जाते म्हणजे तिकडचा सेट सुरू आहे की बंद आहे, यावर गच्चीवर वाद झाला. टायवाल्या प्रतिनिधीला साध्या फोनवर विचारलं. तो म्हणाला, 'साहेब, जगात असं एकही ठिकाण नाही जिथे आमचा फोन लागत नाही.'

'आणि कोणी उचलला नाही तर?'

'ते आमच्या हद्दीत येत नाही,' तो अगदी नम्रपणे म्हणाला.

दुसऱ्या रविवारी ऑडिटर आले नाहीत. तिसऱ्या रविवारी केमिस्टबाईंना दुकान होतं. दातांचे डॉक्टर तेवढे दर रविवारी येत, कठड्याला टेकून उभे राहत आणि काही बोलत नसत. साहेबांना वाटे, हा माणूस मजा बघायला येतो. त्यांचं पित्त खवळे. पण त्याला 'जा' म्हणायचं तर हार मानल्यासारखं झालं असतं, म्हणून ते आणखी ताठ उभे राहत.

पुढच्या खेपेला पोलीस आले. वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी कळवलं होतं की एक इसम दर रविवारी गच्चीवर संशयास्पद यंत्र घेऊन उभा असतो. अधिकारी तरुण होता, दम लागून वर आला होता. त्याने परवाना बघितला, सेट हातात घेऊन वजन केलं, आणि विचारलं, 'कोणाशी बोलत होतात?'

'कोणाशी नाही.'

'मग काय करत होतात?'

'लावत होतो. लागत नाही. म्हणजे लागतो, पण...'

'किती दिवस?'

'दर रविवारी.'

अधिकाऱ्याने पेन थांबवलं आणि साहेबांकडे नीट बघितलं. मग त्याने लिहिलेलं वाचून दाखवलं: सदर इसम यंत्राद्वारे कोणाशीही बोलत नसल्याचे आढळले. 'बरोबर आहे ना? सही करा,' तो म्हणाला. साहेबांनी सही केली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतका अचूक रिपोर्ट त्यांनी कोणाकडून मिळवला नव्हता. अधिकारी जाताना 'जपून उतरा आजोबा' म्हणाला, आणि ते 'आजोबा' साहेबांच्या जिव्हारी लागलं, कारण आजोबा ते झालेच नव्हते. होता होता राहिले होते.

त्या दुपारी साहेब जेवले नाहीत. स्वयंपाकघरात येऊन बायकोला म्हणाले, 'माझी बॅग काढ. मी जातो धरणावर.'

'आता? का?'

'काहीतरी झालंय त्याला. खोकं पोचलंय. घंटा जाते. एवढे रविवार झाले. धडधाकट माणूस एकदा तरी उचलेल की नाही? दरडीबिरडी कोसळतात तिथे. ऑफिसवाले लपवताहेत.' साहेबांचा आवाज अचानक साध्या माणसासारखा हळू झाला होता. 'मला आतून वाटतंय गं. पोरगं राहिलेलं नाही.'

बायको भांडी पुसत होती. तिने फडकं खाली ठेवलं.

'तो बरा आहे,' ती म्हणाली.

'तुला काय माहीत?'

'बुधवारी बोलले मी त्याच्याशी.'

साहेबांना काही कळेना. बायकोने स्टूल पुढे ओढलं, त्यांना बसवलं आणि मग एकदाचं सगळं सांगितलं. धरणावर टॉवर कधीच उभा राहिला होता. दुसऱ्या कंपनीचा. पोराने नवीन नंबर घेतला होता, आणि तो फक्त आईला दिला होता. साहेब मंडळाच्या सभेला गेले की तो फोन करायचा. सभा लांबली की मायलेकरं पोटभर बोलायची, आणि साहेबांची चप्पल जिन्यात वाजली की ती 'ठेवते' म्हणायची.

'आणि सेट?'

'पोचला. चालू करून व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवलाय. मी म्हटलं, एकदा उचल रे, उन्हात उभे असतात. तर म्हणाला...' ती थांबली.

'काय म्हणाला?'

'म्हणाला, फोन बदलून काय होणार आई? पलीकडे बाबाच.'

बाहेर कोणाच्या तरी घरात मिक्सर चालू होता. तो बंद झाला. मग साहेब म्हणाले, 'मी काय केलंय त्याला? कधी हात उगारला नाही. शिक्षणाला कमी पडू दिलं नाही. फोन आला की दहा दहा मिनिटं बोलायचो मी.'

'बोलायचात? अहो, तुम्ही लाइन तपासायचात. आवाज येतोय का, खरखर कुठून येतेय, खिडकीपाशी जा, आता बोल, थांब, आता येतोय. झालं, ठेवू? हेच बोलणं तुमचं.' ती रागाने बोलत नव्हती, आणि त्यामुळे ते ऐकणं फार कठीण होतं. 'सूनबाईचं पोटातलं बाळ गेलं त्या दिवशी त्याने तुम्हाला फोन केला होता. मला नाही, तुम्हाला. हॉस्पिटलच्या जिन्यातून. आठवतंय?'

साहेबांना आठवत होतं. चांगलंच आठवत होतं. आवाज तुटत होता. त्यांनी त्याला जिन्यातून बाहेर यायला सांगितलं, मग फाटकाबाहेर, मग रस्त्याच्या पलीकडे. तिथे अगदी स्वच्छ ऐकू यायला लागलं. 'आता कसं!' ते म्हणाले होते. 'आता बोल.' आणि पोरगा म्हणाला होता, 'काही नाही बाबा, सहज केला होता.' बाळाचं दुसऱ्या दिवशी बायकोकडून कळलं. पण तो फोन आपण जमवून आणला याचं त्यांना इतके दिवस समाधान होतं.

आवाज तुटत होता तो लाइनमुळे नव्हता. एवढी साधी गोष्ट त्या स्टुलावर बसून साहेबांना समजली, आणि ते तोंडावर हात घेऊन रडले. बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, 'मला नंबर देशील?'

'त्याला विचारल्याशिवाय नाही,' ती म्हणाली. 'विचारेन. पण लगेच हो म्हणेल असं नाही.'

बुधवार आला. मंडळात आज मतदान.  खरं सांगावं तर पोराने बापाला टाळलंय हे त्या खोलीत उघडं करावं लागणार होतं, आणि तेही दातांच्या डॉक्टरांपुढे. खोटं सांगावं तर सोपं होतं: सेट बिघडलेला होता, डोंगर आड आला, पण सेवा उत्तम. अब्रू शाबूत राहिली असती. फंड गेला असता, पण तो काही आजच्या आज गेला नसता. साहेबांनी जिन्यात उभं राहून याचाही विचार केला. माणूस आहे, करणारच.

ऑडिटरांनी विषय काढला. आपण होकार देणार म्हणाले. केमिस्टबाईही म्हणाल्या, 'साहेबांची तळमळ बघितली मी. असे लोक आहेत म्हटल्यावर कंपनी चालेल.' राहिले दातांचे डॉक्टर. साहेबांनी मनातून त्यांना हात जोडले. हा एक माणूस 'नाही' म्हणाला असता तर प्रश्न मिटला असता, आणि साहेबांना तोंड उघडावं लागलं नसतं.

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, 'मी विरोध मागे घेतो. मी दर रविवारी बघत होतो. एवढ्या उन्हात माणूस उभा राहतो, फोन उचलत नाही तरी पुन्हा येतो. असलं चिवट गिऱ्हाईक मी जन्मात बघितलं नाही. माझा दवाखाना असता तर मी अशा माणसाला फुकट कवळी दिली असती.' आणि मग जरा चाचरत, 'मी तेव्हा जे बोललो ते बोलायला नको होतं, साहेब.'

झालं! उभ्या जन्मात कोणाची माफी न मागणारा माणूस नेमका आज सुधारला. आता सगळे साहेबांकडे बघायला लागले. त्यांच्या एका होकारावर चौघांचं आजारपण त्या उपग्रहांना टांगलं जाणार होतं.

'माझा नकार आहे,' साहेब म्हणाले.

'अहो, आग्रह तुमचाच होता!' ऑडिटर ओरडलेच.

'होता ना. पण वापरून बघितलं मी. फोन चांगला आहे. घंटा जाते. काही दोष नाही.' साहेब हळू बोलत होते. पंप चालू होता आणि पहिल्यांदाच त्यांचं बोलणं ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. 'तिथे टॉवर आहे. रेंज आहे. खूप दिवसांपासून आहे. माझा मुलगा त्याच्या आईशी दर आठवड्याला बोलतो. माझ्याशी बोलायचं नाही त्याला. डॉक्टर, तुम्ही बरोबर होतात. तुम्ही म्हणालात तसं खरं गिऱ्हाईक मी मोजलं. मी एकटाच आहे, आणि एकट्यावर कंपनी चालत नाही.'

 केमिस्टबाई छत्र्यांच्या खुर्चीकडे बघत राहिल्या. ऑडिटरांनी चष्मा काढला, पुसला आणि न घालता हातातच धरून ठेवला. मग कोरड्या आवाजात म्हणाले, 'एकमत नाही. प्रस्ताव फेटाळला. आज लवकरच आटोपलं म्हणायचं.'

सगळे उठले. साहेब उठले नाहीत.

'चला,' डॉक्टर म्हणाले. 'मी सोडतो घरापर्यंत.'

'थोडं बसता का?' साहेब म्हणाले. 'सगळेच. आता गेलो तर त्यांचं बोलणं तुटेल. त्याचा फोन याच वेळेला असतो. मी जिन्यात शिरलो की ती बिचारी ठेवून देते. आज जरा जास्त बोलू दे त्यांना. ती आज त्याला माझं विचारणार आहे.'

केमिस्टबाईंनी पिशवी खाली ठेवली. ऑडिटर म्हणाले, 'पण विषय तर संपला,' आणि डॉक्टरांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पटकन बसले. डॉक्टरही बसले. दुखरी कंबर सांभाळत त्यांनी खुर्ची पुढे घेतली.

'संपला कसा?' ते म्हणाले. 'मुळात माझा त्या उपग्रहांनाच आक्षेप आहे. एवढे वर नेऊन ठेवलेत, एखादा बिघडला तर दुरुस्तीला कोण जाणार? तुम्ही सांगा, साहेब.'

'दुरुस्त करत नाहीत,' साहेब म्हणाले. 'तो गेला की दुसरा सोडतात.'

'दुसरा सोडतात! म्हणजे खर्च बघा!'

'पण जहाजांचं काय?' केमिस्टबाई म्हणाल्या. 'वादळात सापडलेलं जहाज पैसे बघेल का?'

आणि मग वाद पेटला. फेटाळलेल्या प्रस्तावावर त्या चौघांनी असा वाद घातला, जसा आधीच्या कुठल्याही सभेत घातला नव्हता. ऑडिटरांनी कंपनीची बाजू घेतली, मग सोडली, मग पुन्हा घेतली. डॉक्टरांनी समुद्र निकालात काढला. साहेबांनी जहाजांच्या बाजूने, सैन्याच्या बाजूने, दरडीखाली सापडलेल्यांच्या बाजूने मुद्दे मांडले, आणि मधूनच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. त्यांचे डोळे कोरडे नव्हते, पण मुद्दे चोख होते. सभेची नेहमीची वेळ टळून गेली. चौकीदार किल्ल्या घेऊन दारात आला आणि 'बंद करायचं का?' म्हणाला.

साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

'पाच मिनिटं,' ते म्हणाले. 'अजून बोलताहेत.'